वाटेतल्या आठ खुर्च्या

"सव्वा वाजला!" पंचनामा ओरडला.

"मघाशी तूच म्हणालास एक वाजून तेरा मिनिटं झालीत, त्याला आता दोनच मिनिटं झाली!" टाचणीनं हातातला स्वेटर त्याच्या अंगावर फेकला. "घड्याळाकडे बघत बसल्यानं काय होणारेय? बाह्या बघ. भोकं असतील तर डावा ढीग, नसतील तर उजवा."

सेवा मंडळाच्या सभागृहात जुन्या कपड्यांचा डोंगर लागला होता. सुट्टी लागल्यापासून चौघं रोज इथं यायची. टाचणी तेरा वर्षांची. अंगानं काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून टाचणी. भोंगा हळू बोलला तरी शेजारच्या घरातलं बाळ दचकून उठायचं. त्याची धाकटी बहीण छोटी आठ वर्षांची होती आणि तिच्या नजरेतून सुई सुटत नसे. आणि पंचनामा. दिसेल ते वहीत टिपून ठेवायचं, वेळेसकट, ही त्याची खोड.

आज मात्र पंचनाम्यानं वहीत एकही नोंद केली नव्हती. त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"पाच दहाला गाडी येणार," तो म्हणाला. "अकरा मिनिटं थांबणार. आणि आजोबा घरातच."

सगळ्यांचे हात थांबले. ही गोष्ट सकाळपासून चौघांना बोचत होती.

पंचनाम्याचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. वर्षभरापूर्वी कमरेचं हाड मोडलं आणि चालणं संपलं. त्यांची मोठी बहीण, ताई, ब्याऐंशी वर्षांची. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. ती आता फार लांब, मुलाकडे कायमची राहायला निघाली होती आणि तिची गाडी आज याच गावावरून जाणार होती. सहा वर्षांत भाऊबहिणीची भेट नव्हती. फोनवर बोलावं तर ताईचे कान पार गेलेले. ती नुसतं "काय? काय?" म्हणत राहायची!

आणि स्टेशन घरापासून हाकेच्या अंतरावर. हाकेच्या! पण पाय चालत नसतील तर हाकेचं अंतर काय आणि शंभर कोस काय, सारखंच.

"उचलून नेऊ या की," भोंगा म्हणाला.

"मी विचारलं. म्हणाले, मी माणूस आहे, पोतं नाही."

"स्टेशनातली चाकाची खुर्ची?"

"तिचं चाक निखळलंय. बाबा सकाळीच बघून आले."

टाचणी उठली. "चला. चिटणीसकाकांना परत एकदा विचारू."

"तीन आठवडे तेच विचारतोय!"

"मग एकविसावा दिवस तरी का सोडायचा?"

चिटणीसकाका कोपऱ्यातल्या टेबलाशी पाकिटांवर पत्ते लिहीत बसले होते. डोक्यावर चष्मा होता आणि हातांनी ते टेबलावर चष्मा शोधत होते. त्यांच्या पाठीमागे मंडळाची पाटी होती: 'सेवा – तत्पर, तत्काळ, निःस्वार्थ.'

"काका, चाकाची खुर्ची?" टाचणीनं विचारलं.

"अरे बाळांनो, जुन्या तीन मोडल्यात. नव्या आठ मागवल्यात. वाटेत आहेत." काकांनी मान वर केली नाही. "वाटेत आहेत हो! धीर धरा. सेवेला धीर लागतो."

"आणि पाटीवर तत्काळ लिहिलंय," छोटी म्हणाली.

काकांना त्याच क्षणी खोकला आला.

चौघं परत ढिगाशी आली. पंचनामा रागानं स्वेटर खोक्यात कोंबू लागला. छोटी त्या खोक्याकडे टक लावून बघत होती.

"दादा, हे खोकं कसलं?"

"कपड्यांचं."

"आत कपडे आहेत रे! बाहेर काय छापलंय ते बघ ना."

खोक्याच्या बाजूवर काळ्या शाईत एक चित्र होतं. दोन मोठी चाकं, दोन छोटी चाकं, मध्ये खुर्ची!

टाचणीनं एकेक खोकं फिरवलं. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. भिंतीला टेकवलेली, चपटी केलेली पाच. एकूण आठ.

"आठ खुर्च्या वाटेत आहेत," टाचणी हळूच म्हणाली, "आणि त्यांची खोकी आधीच येऊन पोचली! खुर्च्या काय उघड्या, स्वतःच्या चाकांवर येतायत?"

"म्हणजे—" भोंग्यानं तोंड उघडलं आणि तिघांनी एकदम त्याच्या तोंडावर हात ठेवले.

पंचनाम्यानं वही काढली. 'एक वाजून सत्तावीस. खोकी आठ. खुर्च्या शून्य.' त्या दिवसाची पहिली नोंद!

आता फरशीवर नजर ठेवून चौघं निघाली. सफाईवाल्या मावशी रोज झाडायच्या, तिथं काही सापडेना. पण रंगमंचाच्या बाजूला, झाडू पोचत नाही अशा सांदीत, धुळीत दोन बारीक रेघा होत्या. रुळांसारख्या जोडीनं चाललेल्या. त्या रंगमंचामागच्या खोलीच्या दारात जाऊन संपत होत्या. दाराला मुठीएवढं कुलूप.

वर हवेचा झरोका होता. भोंगा खाली बसला, टाचणी त्याच्या खांद्यावर चढली, पण उंची पुरेना. मग छोटी टाचणीच्या खांद्यावर.

"दिसतंय का?"

"काळोख आहे... थांबा... भोंगादादा, हलू नकोस ना!"

"मी हलत नाहीये, माझे गुडघे हलतायत!"

"आठ!" छोटी किंचाळली. "आठही आहेत! प्लास्टिक घातलेलं आहे. आणि सगळ्यांना मिळून एक लाल फीत बांधलीय!"

आणि तो मनोरा कोसळला. धप्प! कुठला पाय कुणाचा ते कळेना. डोळे उघडले तर समोर सफाईवाल्या मावशी, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"दिसल्या ना शेवटी?" मावशी म्हणाल्या. "दोन महिने झाले. मला बोलू नको म्हणून सांगितलंय, म्हणून मी काही बोलत नाही. अध्यक्षसाहेबांना सोहळा करायचाय, हे मी सांगणार नाही. मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंच्या हातानं फीत कापून घ्यायचीय, तेही नाही सांगणार. त्यांना पत्र धाडलं, उत्तरच आलं नाही. म्हणून खुर्च्या आत आणि माणसं अंथरुणात! देवानं हात दिले ते द्यायला, पोरांनो. कुलूप माणसानं शोधून काढलं."

"मावशी, तुम्ही खूपच कमी बोलता," टाचणी म्हणाली.

"म्हणून तर नोकरी टिकलीय!"

पंचनामा तोवर चिटणीसकाकांच्या टेबलाशी पोचलाही होता. बाकीची तिघं मागोमाग धावली.

"काका! खुर्च्या आत आहेत! आम्ही बघितल्या!"

चिटणीसकाकांचा चेहरा पडला. डोक्यावरचा चष्मा घसरून आपसूक नाकावर आला. माणूस वाईट नव्हता हो! पण भिडस्त. कुणी 'बरं का' म्हटलं की हे आधीच 'बरं' म्हणायचे.

"मी अध्यक्षांना म्हटलं होतं, लोकांना देऊन टाकू," ते पुटपुटले. "ते म्हणाले, लोकार्पण झाल्याशिवाय एक चाक हलणार नाही, तोवर वाटेत आहेत म्हणून सांगा. बाईंच्या उत्तराचीच वाट आहे. पत्र मी माझ्या हातानं टाकलंय पेटीत! नियमानं टाकतो मी सगळी पत्रं."

"कुठल्या पेटीत, काका?"

"कुठल्या म्हणजे? ही काय दाराशीच लाल पेटी. बरी सोय आहे, ऊन लागत नाही."

चौघांनी दाराकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. दाराशी लाल पेटी होती खरी. पण टपालपेटी कोपऱ्यावर, रस्त्यापलीकडे होती. ही मंडळाची सूचनापेटी! अकरा वर्षांपूर्वी वाजतगाजत बसवलेली. तिची किल्ली पहिल्याच महिन्यात हरवली होती आणि तेव्हापासून कुणीही ती उघडली नव्हती. अक्षरं उडून नुसता लाल रंग उरला होता.

पंचनाम्याच्या खिशात आजोबांचा बारीक पेचकस नेहमी असायचा. भिंतीतले दोन स्क्रू त्यानं काढले, भोंग्यानं पेटी उचलून उलटी धरली आणि गदागदा हलवली. फटीतून सुपारीएवढे धुळीचे गोळे, चॉकलेटचे कागद, 'पंखा फार आवाज करतो' अशी एक पिवळी चिठ्ठी, आणि मग एकामागून एक पांढरी पाकिटं! एक, दोन... एकवीस पाकिटं. सगळ्यांवर चिटणीसकाकांचं वळणदार अक्षर.

"अरे देवा," चिटणीसकाका मटकन खुर्चीत बसले. "तरीच मला कुणी उत्तर देत नव्हतं. मला वाटायचं, जग फार उद्धट झालंय."

पंधरावं पाकीट डॉक्टरीणबाईंचं.

"आत्ता टाकतो! नीट, त्या पेटीत!" काका धडपडत उठले.

"पोचायला चार दिवस लागतील!" पंचनाम्याचा आवाज फाटला. "एक पंचेचाळीस झालेत! काका, चार दिवसांत ताईआजी कुठल्या कुठं गेलेली असेल!"

टाचणीनं पाकीट काकांच्या हातातून अलगद काढून घेतलं. "आज टपाल आम्ही."

धावत! बाजारातून, शाळेच्या बंद फाटकावरून, पुलावरून धावत. छोटीची चप्पल तुटली. तिनं दोन्ही चपला हातात घेतल्या, पण पाय थांबवले नाहीत. दवाखान्यात पोचल्या पोचल्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"भेटायची वेळ चारची."

"आम्ही पेशंटला भेटायला नाही आलो! पत्र द्यायचंय!" भोंगा म्हणाला. म्हणजे त्याच्या मते नुसता म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या चार खिडक्या उघडल्या.

"कोण ओरडतंय माझ्या दवाखान्यात?" जिन्यावरून आवाज आला. पांढरे केस, पांढरा कोट, कपाळाला आठ्या. डॉक्टरीणबाई!

भोंगा पहाऱ्याच्या खोपटामागे लपला. टाचणी पुढे झाली, पण तिची वाचा बसली. टोचून बोलणाऱ्या टाचणीची! मग पंचनाम्यानं वही उघडली आणि सगळं वेळेसकट वाचून दाखवलं. खोकी, रेघा, झरोका, लाल पेटी. शेवटी तो वहीत नसलेलं बोलला.

"आजोबांना त्यांच्या ताईंना भेटायचंय. अकरा मिनिटं. तेवढंच."

बाईंनी पत्र वाचलं. तारखेकडे बघितलं. आठ्या थोड्या वाढल्या.

"माझ्यासाठी थांबल्यात खुर्च्या? माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "माझ्या वॉर्डातली सहा माणसं बरी होऊन खाटेवर पडून आहेत, घरी न्यायला खुर्ची नाही म्हणून." त्यांनी पेन काढून पत्राच्या खाली लिहिलं: 'आज येते. साडेचार. माझ्याकडे दहा मिनिटं आहेत. उद्यापासून महिनाभर परगावी.' खाली झोकदार सही.

"आणि तो खोपटामागचा आवाज," त्या वळता वळता म्हणाल्या, "त्याला म्हणावं, घसा जप. असा घसा देव सगळ्यांना देत नाही."

अध्यक्षकाका केशकर्तनालयात सापडले. डोळे मिटलेले, गालभर फेस, एक गाल झालेला, एक व्हायचा. न्हावी वस्तरा परजत होता.

"अध्यक्षकाका, डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं!" टाचणी म्हणाली. तिला वाचा परत आली होती.

"आलं! वा! मी म्हणत नव्हतो?" काकांनी डोळे उघडले. "कधीची तारीख दिली?"

"आजची. साडेचार."

"आ— ज?" काका ताडकन उठले. वस्तरा जेमतेम बाजूला झाला. "पण हार? पाहुणे? फोटोवाला? माझं भाषण अजून बावीस पानांचंच झालंय!"

"मग नाही म्हणून कळवू का? बाई उद्यापासून महिनाभर परगावी आहेत." टाचणीनं चेहरा साधा ठेवला. "खुर्च्या काय, अजून वाटेतच असतील ना?"

अध्यक्षकाकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं छताकडे पाहिलं. आणि गळ्यातल्या टॉवेलसकट काका रस्त्यावर धावत सुटले. मागून न्हावी ओरडत होता, "साहेब, दुसरा गाल!"

चार वाजून एकतीस मिनिटं. सभागृहात मंडळाचे नऊ सभासद, मावशी, चौघं आणि डॉक्टरीणबाई. कुलूप निघालं. आठ खुर्च्या ओळीत उभ्या राहिल्या आणि अध्यक्षकाका, एका गालावर दाढी घेऊन, कागद सावरत उभे राहिले.

"सन्माननीय पाहुण्या, आणि माझ्या बंधुभगिनींनो! सेवा म्हणजे काय? हा प्रश्न मानवजातीला अनादी काळापासून—"

पंचनाम्यानं घड्याळ पाहिलं. पान पहिलं. एकवीस बाकी.

"काहीतरी कर!" तो टाचणीच्या कानाशी म्हणाला.

काका श्वास घ्यायला थांबले. आणि टाचणीनं कडाडून टाळ्या वाजवल्या! छोटीनं, पंचनाम्यानं, मावशींनी. भोंगा गरजला, "वा! वा! सुंदर!" सभासदांना वाटलं भाषण संपलं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

"आभारी आहे," काका खूश होऊन म्हणाले. "तर, अनादी काळापासून—" पुन्हा श्वास.

पुन्हा टाळ्या! या वेळी उभं राहून! चिटणीसकाका तर सगळ्यांत जोरात. आयुष्यात प्रथमच ते कुणाच्या आधी उठले होते. तिसऱ्या टाळ्यांना अध्यक्षकाकांचा ऊर इतका भरून आला, की त्यांना शब्दच सुचेना. ते डोळे पुसत खाली बसले.

"उत्तम भाषण," डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या. कात्री चालली. फीत पडली. "पहिली खुर्ची कुणाला हवीय?"

उत्तर द्यायला कुणी थांबलंच नाही. खुर्ची केव्हाच दारातून बाहेर पडली होती!

आजोबा खिडकीशी पलंगावर बसले होते. एवढ्या उकाड्यात अंगात जाड लोकरी कोट. सगळी बटणं लावलेली, पण एक घर चुकून, वरखाली.

"आजोबा! कोट कधी घातलात?"

"सकाळी," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले. "असाच. गारवा वाटत होता."

मग त्यांना दारातली खुर्ची दिसली. पण ते घड्याळजी. डोळ्यांत पाणी होतं तरी कान चाकाकडे लागलेला.

"डावं चाक कुरकुरतंय. उभी ठेवली होती का?"

"दोन महिने."

"तरीच. वस्तू वापरून झिजते ती बरी. न वापरता गंजते ती वाईट." आणि मग एकदम, लहान मुलासारखं, "किती वाजले रे?"

"पाच पाच! धरा घट्ट!"

गल्ली, वळण, उतार. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" भोंगा पुढे, खुर्ची मागे. खरंच, त्याच्या घशाचं त्या दिवशी सोनं झालं. फलाटावर चढायला पायऱ्यांशेजारी उतार होता, तो सामानाच्या ट्रंकांनी अडवलेला. ट्रंका हटवण्यात पाच मिनिटं गेली. फलाटावर चाक टेकलं तेव्हा पाच पंधरा, आणि गाडी पुढ्यात उभी. लांबच लांब, अठरा डबे.

"डबा कुठला?" टाचणीनं विचारलं.

पंचनामा पांढरा पडला. डब्याचा नंबर कुणी विचारलाच नव्हता! वही भरून नोंदी, आणि नेमकी तीच नाही.

"भोंग्या, हाक मार!"

"ताईआजीऽऽऽ!"

कबुतरं उडाली. गाडीच्या खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. बायका, पुरुष, पोरं. "कोण? काय झालं?" पण ताईआजी नाही.

"तिला ऐकूच येत नाही," आजोबा म्हणाले. त्यांचे हात मांडीवर पडले. "राहू दे पोरांनो. एवढं आणलंत, तेच खूप झालं."

पाच सतरा. छोटी मात्र डोळे बारीक करून गाडी न्याहाळत होती.

"सगळ्या खिडक्यांत डोकी आहेत," ती म्हणाली. "एक सोडून! ती तिकडे, सहाव्या डब्यात. भोंगादादाची हाक ऐकून जिनं डोकं बाहेर काढलं नाही, तीच बहिरी!"

खुर्ची उडालीच! सहाव्या डब्याच्या त्या खिडकीत एक म्हातारी पिशवी मांडीवर धरून सरळ समोर बघत बसली होती. आजोबांनी हात वर करून खिडकीतून तिच्या पदराला हळूच ओढलं.

ताई वळली. बघितलं. पुन्हा बघितलं. मग होईल तेवढी वाकून तिनं दोन्ही हात बाहेर काढले.

चौघांना वाटलं, आता रडारड होणार. पण ताईनं भावाचा कोट धरला.

"बाळा, अजून बटणं वरखालीच लावतोस?" ती म्हणाली. "एवढा मोठा झालास!"

आणि शहात्तर वर्षांचे आजोबा मान खाली घालून उभ्या गाडीशी बसून राहिले, आणि ब्याऐंशी वर्षांची ताई खिडकीतून वाकून एकेक बटण काढू लागली आणि पुन्हा नीट लावू लागली. वरचं. दुसरं. तिसरं. ताईला ऐकू येत नव्हतं, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं. पण त्या तीन मिनिटांत जे बोलणं झालं ते फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू आलं.

शिट्टी झाली. गाडी हलली. शेवटचं बटण राहिलं.

"राहू दे ताई ते!" आजोबा मोठ्यानं म्हणाले. "पुढच्या वेळी!"

तिला ऐकू आलं की नाही, देव जाणे. पण तिनं मान हलवली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात बाहेर होता.

मागे धापा टाकत कुणीतरी उभं होतं. अध्यक्षकाका! एका गालावर दाढी, हातात बावीस पानं. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"हे दोन महिन्यांपूर्वीच कुणाकुणाला मिळालं असतं," ते म्हणाले. "मी आत कुलूप लावून ठेवलं होतं." मग मुलांकडे वळून, अगदी हळू आवाजात, "पोरांनो, सेवा म्हणजे काय, या प्रश्नावर बावीस पानं लिहिली मी. उत्तर तुम्ही दिलंत."

ती पानं त्यांनी नंतर चिटणीसकाकांकडे दिली. पाठकोरी होती. वाया कशाला घालवायची?

पुढच्या शनिवारी चौघं सभागृहात आली तर अध्यक्षकाका जो येईल त्याला रंगमंचामागची खोली दाखवत होते. "बघा! या, बघा! रिकामी! एकही खुर्ची नाही!" आणि दारावरच्या नव्या किल्लीच्या सूचनापेटीवर ठळक अक्षरांत 'सूचना' लिहिलं होतं. किल्ली टाचणीच्या गळ्यात, आणि खाली चिटणीसकाकांसाठी खास एक ओळ: 'पत्रं रस्त्यापलीकडे.'

कोपऱ्यात आजोबा बसले होते. आपली खुर्ची त्यांनी त्या दिवशीच यादीतल्या पुढच्या माणसाला देऊन टाकली होती. "मला जायचं होतं तिथं मी जाऊन आलो," म्हणाले. आता मंडळाच्या मोडक्या तीन खुर्च्यांपैकी एकीत बसून ते दुसरीचं चाक जुळवत होते. बसले होते ती त्यांनी दोन दिवसांत नीट केली होती. डॉक्टरीणबाईंनी परगावाहून फोन करून दवाखान्यातल्याही चार मोडक्या पाठवायला लावल्या होत्या, सोबत त्यांचा निरोप: 'घड्याळजींना आणि त्यांच्या चार मदतनिसांना. काम आजच सुरू करावं. भाषण नको.'

अंगात तोच कोट. शेवटचं बटण उघडंच.

छोटीला राहवेना. तिनं हळूच हात पुढे केला.

"अं हं!" आजोबांनी चाकावरून नजर न काढता तिचा हात धरला. "ते सोडून. ते काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे. तू तो पेचकस दे."